लंडनच्या पबमधली भुतं मराठीतून दाखवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

लंडनचे जुने, झपाटलेले म्हणून गाजलेले पब मराठी मंडळींना मराठीतून पायी फिरून दाखवायचे, ही तुमची कल्पना कानावर आली त्याच दिवशी मी नाव दिलं. पहिल्या फेरीला माझ्याबरोबर माझी १४ वर्षांची भाचीही होती. पावसाची बारीक भुरभुर, लवकर पडलेला अंधार, आणि टॉटनम कोर्ट रोडपासून स्पिटलफील्ड्सपर्यंत छत्र्या सावरत चाललेली आपली वीस-बावीस माणसं. इंग्रजीतून अशा फेऱ्या मी बऱ्याच केल्या आहेत. पण ‘इथं रात्री पावलं वाजतात’ हे मराठीतून ऐकताना अंगावर जो काटा येतो, तो इंग्रजीतून येत नाही. भ्यायला आपण आजीच्या कुशीत शिकलो, आणि आजी मराठी बोलत होती.

म्हणून हे पत्र तक्रारीचं असलं तरी परक्याचं नाही. तुमचा उपक्रम चालावा असं मला मनापासून वाटतं.

त्या संध्याकाळी शेवटच्या थांब्यावर, ‘टेन बेल्स’च्या दारात, तुमच्या गाइडनं जॅक द रिपर या कधीच न सापडलेल्या खुन्याच्या बळींच्या जखमांचं वर्णन केलं. कुठं किती खोल, कुठला अवयव काढून नेला, सगळं. भाचीनं मधेच विचारलं, “पण ती बाई एवढ्या रात्री बाहेर का होती?” उत्तर आलं, “तसल्या बायका रात्रीच बाहेर असतात.” मंडळी हसली. भाची पुढं काही बोलली नाही. घरी जाताना ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, तिनं मला तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा मी तिला जे सांगितलं, ते इथं तुम्हाला सांगायचं आहे. पण त्याआधी थोडं मागं जाते.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, ‘म्हणे’. ‘त्या वाड्यात एक बाई दिसते म्हणे.’ या एका शब्दात सांगणारा खोटं बोलत नाही आणि ऐकणाऱ्याची मजाही जात नाही. मी पाहिलेलं नाही, पण लोक सांगत आले आहेत, आणि मी ते तुमच्यापर्यंत पोचवतोय, एवढं सगळं त्यात येतं. इंग्रजी गाइडला यासाठी अख्खं वाक्य खर्च करावं लागतं, म्हणून बहुतेक जण ते टाळतात आणि दंतकथा सरळ इतिहास म्हणून सांगून मोकळे होतात. तुमच्या हातात हा शब्द आयता आहे. तो त्या संध्याकाळी मी एकदाही ऐकला नाही.

दुसरं असं, की आपल्याकडं भुताला नुसतं भूत म्हणून सोडत नाहीत. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती अलवंतीण. पाण्यात बुडून गेला तो गिऱ्हा. नाव घेतलं की मरण कसं आलं ते कळतं, काय राहून गेलं तेही कळतं. ज्यांनी ही नावं पाडली त्यांना भुतापेक्षा त्यामागच्या माणसाची जास्त काळजी असावी असं मला नेहमी वाटतं. लंडनच्या भुतांकडंही त्याच नजरेनं बघता येईल.

आता एकेक पब घेते. तुमच्या जाहिरातीतल्या पुढच्या दोन वाटाही त्यात धरते.

बेल्ग्रेव्हियातला ‘ग्रेनेडियर’. विल्टन रो नावाची घोड्यांच्या तबेल्यांची जुनी गल्ली, तिच्या टोकाला हा चिमुकला पब, दारात पहारेकऱ्याची लाल चौकी. गोष्ट अशी की पत्त्यांच्या डावात लबाडी करताना एक शिपाई सापडला आणि सोबत्यांनी त्याला इतकं मारलं की तो मेला. सप्टेंबरात त्याचा वावर वाढतो म्हणे. त्याचं देणं फिटावं म्हणून लोक छताला नोटा चिकटवतात, देशोदेशीच्या. मला ही प्रथा फार आवडते. मेलेल्या अनोळखी शिपायाचं कर्ज अनोळखी माणसांनी थोडं थोडं फेडायचं, यात दया आहे. पण या शिपायाचं नाव सगळे ‘सेड्रिक’ सांगतात आणि काळ नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनच्या सैन्याचा, म्हणजे १८१५ च्या आसपासचा. सेड्रिक हे नाव सर वॉल्टर स्कॉटनं ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीतल्या एका पात्रासाठी घडवलं, आणि ती कादंबरी आली १८१९ च्या डिसेंबरात. बहुधा ‘सर्डिक’ या जुन्या सॅक्सन नावाची अक्षरं इकडची तिकडं झाली. त्याआधी जन्मलेल्या इंग्रज शिपायाचं नाव सेड्रिक कुठून असणार? म्हणजे नाव मागाहून चिकटवलेलं. हे सांगितलं तर गोष्टीची गंमत कमी होते असं समजू नका. मला तर हे कळल्यावर तो शिपाई जास्त एकटा वाटला. त्याला स्वतःचं नावसुद्धा उरलेलं नाही. ‘म्हणे’ लावा, नावाचा हा उलगडा करा, आणि खुशाल वर नोट चिकटवा.

वॉपिंगची नदीकाठची वाट. ‘प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी’ची सुरुवात १५२० च्या सुमाराची सांगतात. मागच्या बाजूला थेम्सवर एक फास टांगलेला दिसतो, फोटोसाठी गर्दी तिथंच होते. तो फास शोभेचा आहे हे आधी सांगा. खरी फाशीची जागा, एक्झिक्यूशन डॉक, याच किनाऱ्यावर होती, पण नेमकी कुठं यावर एकमत नाही आणि एकाहून अधिक पब ती आपल्या अंगणात ओढतात. चाचे, बंड करणारे खलाशी यांना तिथं ओहोटीच्या वेळी फाशी द्यायचे आणि तीन भरत्या अंगावरून जाईपर्यंत प्रेत तसंच ठेवायचे. कॅप्टन किडला २३ मे १७०१ ला फाशी दिलं, तेव्हा पहिला दोर तुटला. तो जिवंत खाली पडला, आणि त्याला पुन्हा चढवलं. इथली शेवटची फाशी १८३० ची. तुम्ही ओहोटीची वेळ बघून वॉक ठेवलात तर पायऱ्या उतरून किनाऱ्याच्या चिखलात उभं राहता येईल. त्या काळ्या पाण्यासमोर वेगळं भूत उभं करायची गरज पडणार नाही.

हॅम्पस्टेडच्या ‘स्पॅनियार्ड्स इन’बद्दल एवढंच, की दरोडेखोर डिक टर्पिन आणि त्याची काळी घोडी ब्लॅक बेस यांची लंडन ते यॉर्क अशी रातोरात दौड एन्सवर्थच्या १८३४ मधल्या कादंबरीनं लोकांच्या डोक्यात बसवली. खरा टर्पिन यॉर्कला १७३९ मध्ये घोडेचोरीसाठी फासावर गेला. ओळखला गेला तो पत्रामुळं. खोट्या नावानं यॉर्कच्या तुरुंगात असताना त्यानं मेव्हण्याला पत्र लिहिलं, आणि ज्या मास्तरांनी त्याला लिहायला शिकवलं होतं त्यांनी टपालात ते अक्षर ओळखलं. घोडीच्या टापांपेक्षा ही गोष्ट मला तरी जास्त थरारक वाटते.

आता आपण प्रत्यक्ष चाललो त्या वाटेकडं येते. न्यूगेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, ओल्ड बेली या न्यायालयासमोर, ‘व्हायाडक्ट टॅव्हर्न’. काच, आरसे, भिंतीवरच्या चित्रांतल्या उंच स्त्रिया. जुन्या जिन पॅलेसचा, म्हणजे झगमगीत दारूघराचा, थाट लंडनमध्ये इतका शाबूत फार थोड्या ठिकाणी उरलाय. तुमच्या गाइडनं तळघराकडं बोट करून सांगितलं की या न्यूगेट तुरुंगाच्या कोठड्या, आणि फाशी बघायला आलेली गर्दी याच बारमध्ये पीत असे. न्यूगेटचा तुरुंग रस्त्याच्या पलीकडं होता. आज जिथं न्यायालय आहे तिथं. तो पाडल्यावर त्या जागी हे न्यायालय उभं राहिलं आणि १९०७ मध्ये उघडलं. आणि हा पब उघडला १८६९ मध्ये. इंग्लंडमधली शेवटची जाहीर फाशी, मायकेल बॅरेटची, न्यूगेटसमोर झाली ती २६ मे १८६८ ला. त्या गर्दीतल्या एकाही माणसानं या बारमध्ये पेला उचललेला असू शकत नाही.

पण याच चौकात जे खरंच घडलं ते तुम्ही एका वाक्यात उरकलंत, आणि मला तिथं थांबायचं होतं. १७८३ पर्यंत कैद्यांना न्यूगेटमधून गाडीत बसवून टायबर्नला, आताच्या मार्बल आर्चजवळ, जवळजवळ ३ मैल नेत. १७८३ नंतर फाशी तुरुंगाच्या दारातच होऊ लागली. समोरच्या ‘मॅगपाय अँड स्टम्प’ या पबच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्या त्या दिवसापुरत्या भाड्यानं जात. पैसेवाली माणसं रात्रीच येऊन बसत, खात-पीत, आणि सकाळी खिडकीतून माणूस मरताना बघत. १८०७ च्या २३ फेब्रुवारीला हॉलोवे आणि हॅगर्टी या दोघांची फाशी बघायला एवढी गर्दी लोटली की चेंगराचेंगरीत ३० च्या आसपास माणसं जागीच गेली. बघायला आलेली माणसं! त्यांचं भूत कुणी दाखवत नाही. लंडनच्या पबांनी मरणाचा तमाशा विकला याचा हा सरळ पुरावा आहे, आणि आपण तिकीट काढून त्याच चौकात उभे राहिलो होतो. हे ऐकून मंडळी थोडी अस्वस्थ झाली असती तर ते बरंच झालं असतं.

आणि शेजारचं सेंट सेपल्कर चर्च. तिथं काचेच्या पेटीत एक हातघंटा आहे. १६०५ मध्ये रॉबर्ट डाऊ नावाच्या व्यापाऱ्यानं ५० पौंड दिले, ते यासाठी की फाशीच्या आदल्या मध्यरात्री कुणीतरी कोठडीबाहेर जाऊन घंटा वाजवावी आणि उद्या तुम्ही मरणार आहात, प्रार्थना करा, अशा ओळी म्हणाव्यात. त्यानं ते पुण्याचं काम समजून केलं होतं. आतल्या माणसाला अंधारात तो आवाज कसा लागत असेल! चर्च उघडं असेल अशी वेळ धरा आणि सगळ्यांना ती घंटा दाखवा. हाताच्या अंतरावर आहे ती. तळघरातल्या खोट्या कोठडीपेक्षा तिच्यासमोर माणूस जास्त गप्प होतो, हे मी अनुभवलंय.

जाता जाता एक. टायबर्नच्या वाटेवर सेंट जाइल्सला कैद्याला शेवटचं पेय द्यायचे, हे खरं. पण दारू सोडलेल्याला इंग्रजीत ‘ऑन द वॅगन’ म्हणतात ते या गाडीवरून आलं, हे खरं नाही. तो अमेरिकेतल्या पाण्याच्या गाडीवरून आलेला बराच अलीकडचा वाक्प्रचार आहे. आपल्यातले निम्मे जण तो किस्सा घरी जाऊन सांगणार, म्हणून सांगितलं.

आता सुरुवातीचा थांबा, डॉमिनियन थिएटरचा कोपरा. इथं तुमचा गाइड म्हणाला की १८१४ मध्ये बिअरचा पूर आला, लोक बिअरमध्ये बुडून मेले, काही पिऊन पिऊन मेले, असं मरण सगळ्यांना येवो. पुन्हा हशा. मला माहीत आहे, हा किस्सा जगभर असाच सांगतात. तुम्ही तसा सांगू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

झालं ते असं. त्या जागी हॉर्स शू ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, होता. आत २२ फूट उंचीचं लाकडी पिंप, काठोकाठ पोर्टर बिअरनं भरलेलं. १७ ऑक्टोबरच्या दुपारी त्याच्या भोवतीचं एक लोखंडी कडं निसटलं. गोदामाच्या कारकुनानं वर कळवलं. काही होत नाही, असं त्याला सांगण्यात आलं. तासाभरात पिंप फुटलं, त्याच्या धक्क्यानं आणखी पिंपं गेली, मागची भिंत कोसळली आणि लाट न्यू स्ट्रीट नावाच्या गल्लीत शिरली. ती वस्ती गरिबांची, बरीचशी आयरिश. घरांची तळघरंसुद्धा भाड्यानं दिलेली. एका घरात अ‍ॅन सॅव्हिल ही ६० वर्षांची बाई दोन वर्षांच्या मुलाच्या प्रेताजवळ बसली होती. आदल्या दिवशी तो गेला होता आणि शेजारीपाजारी रीतीप्रमाणं जमले होते. ती गेली, आणि तिच्याबरोबर त्या खोलीतली आणखी चार माणसं गेली. दुसऱ्या घरात ४ वर्षांची हॅना बॅमफील्ड आईबरोबर चहाला बसली होती. ग्रेट रसेल स्ट्रीटवरच्या ‘टॅव्हिस्टॉक आर्म्स’ या पबच्या मागच्या अंगणात एलेनर कूपर ही कामाला असलेली मुलगी पंपाखाली भांडी घासत होती. भिंत तिच्या अंगावर आली. ती १४ वर्षांची होती. माझी भाची ज्या वयात छत्री घेऊन तुमच्यासमोर उभी होती, त्या वयाची.

एकूण ८ जण गेले, सगळ्या बायका आणि मुलं. पुरुष त्या वेळी कामावर होते. ज्यूरीनं दोष कुणाचाच नाही असा निर्णय दिला. ब्रुअरीनं वाया गेलेल्या बिअरवर भरलेला कर सरकारकडून परत मिळवला. मेलेल्यांच्या क्रियाकर्मासाठी लोकांनी नाणी टाकली. पिंपांचा ढिगारा बघायला शेकडो माणसं आली, आणि पहारेकऱ्यांनी पैसे घेऊन तो त्यांना दाखवला. रस्त्यावर लोक भांडी भरभरून प्यायले, कुणी पिऊन मेला, या गोष्टी त्या वेळच्या वर्तमानपत्रांत सापडत नाहीत. त्या नंतर कुणीतरी जोडल्या, आणि मला वाटतं जोडल्या गेल्या त्या मेलेली माणसं गरीब आणि आयरिश होती म्हणूनच. श्रीमंताच्या घरातली मूल मांडीवर घेतलेली आई अशी गेली असती तर कुणाला विनोद सुचला नसता.

आता टेन बेल्स. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर.

१८८८ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात या भागात पाच स्त्रियांचे खून झाले, जे एकाच माणसाचे समजले जातात. मेरी अ‍ॅन निकल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज, मेरी जेन केली. त्या रात्री बाहेर का होत्या? निदान पहिल्या दोघींचं उत्तर कागदोपत्री आहे: खाटेचे पैसे नव्हते. तिथल्या निवाऱ्यांत एका रात्रीच्या खाटेला ४ पेन्स लागत. मेरी अ‍ॅनकडं ते नव्हते. तिच्या डोक्यावर त्या दिवशी नवी टोपी होती आणि ती तिचं कौतुक करून, पैसे मिळवून येते म्हणून बाहेर पडली. अ‍ॅनी चॅपमन आजारी होती, फुप्फुसं गेलेली. ती क्रोशाचं विणकाम आणि कागदी-कापडी फुलं विकायची. तिची १२ वर्षांची मुलगी मेंदूज्वरानं गेली होती, नवऱ्यापासून ती वेगळी झाली होती, आणि तो मेल्यावर आठवड्याचे १० शिलिंग बंद झाले होते. ८ सप्टेंबरच्या पहाटे निवाऱ्याच्या माणसाला ती एवढंच सांगून गेली की माझी खाट दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी येते.

एलिझाबेथ स्ट्राइड स्वीडनमधली. १८६६ मध्ये पोटासाठी लंडनला आली, लग्नानंतर नवऱ्याबरोबर पॉपलरला कॉफीचं दुकान चालवलं. परक्या देशात, परक्या भाषेत दुकान मांडणं काय असतं हे या पत्राच्या वाचकांपैकी अनेकांना माहीत आहे.

आणि कॅथरिन एडोज. ती आणि तिचा जोडीदार त्या सप्टेंबरात केंटला हॉप तोडणीच्या मजुरीसाठी गेले होते. हॉप म्हणजे बिअरला कडवट चव देणारी फुलं. ज्या पबच्या दारात आपण उभे होतो त्या पबांसाठीच ही बाई शेतात राबून आली होती. हंगाम वाईट गेला, दोघं रिकाम्या हातानं परतले. जोडीदाराचे बूट त्यांनी गहाण ठेवले. २९ सप्टेंबरला ती पिऊन रस्त्यात पडली म्हणून पोलिसांनी बिशप्सगेटच्या ठाण्यात ठेवली. नाव विचारलं तर म्हणाली, “काही नाही.” रात्री १ वाजता सोडलं. पाऊण तासात मायटर स्क्वेअरमध्ये तिचं प्रेत सापडलं. बूट गहाण ठेवल्याची पावती तिच्याजवळच होती.

या सगळ्याच देहविक्रय करत होत्या असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. करत असत्या तरी तुमच्या गाइडच्या त्या वाक्याला माफी मिळत नाही. घरात निवारा असलेल्या माणसांनी, तिकीट काढून, कोट घालून, एका बेघर बाईच्या मरणावर हसावं, हे मला सहन झालं नाही.

या पबचं नाव १९७६ मध्ये बदलून ‘द जॅक द रिपर’ केलं होतं, हे तुम्ही सांगितलंत. ते १९८८ मध्ये, खुनांना १०० वर्षं झाली तेव्हा, पुन्हा टेन बेल्स करावं लागलं, कारण स्त्रियांनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता, हे मात्र गाळलंत. माझ्या मते त्या इमारतीची सांगण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. आत भिंतीवर जुन्या स्पिटलफील्ड्समधल्या विणकराच्या दुकानाचं फरशांवर रंगवलेलं सुरेख चित्र आहे, तेही कुणाला दाखवलं नाही. आपल्याच समोर दोन वेगळ्या कंपन्यांचे घोळके जखमांची चित्रं टॅबलेटवर दाखवत उभे होते. आपण मराठीत तेच करायला इथवर आलो का?

रिपरचा थांबा अजिबात नको, असं मी म्हणत नाही. फक्त खुनी कोण याचा खेळ बंद करा. १३० हून अधिक वर्षं तो चाललाय. त्या जागी पाच जणींची नावं सांगा आणि ४ पेन्सची खाट सांगा. ऐकणाऱ्याच्या मनात घर करायला तेवढं पुरेल.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. वीस माणसं एकदम बारमध्ये घुसवायची, तळघर दाखवा म्हणायचं आणि चार जणांनी काहीतरी घ्यायचं, असं करू नका. आधी फोन करा, शांत वारी आणि शांत वेळी जा, आणि न पिणाऱ्यांनाही लिंबूपाणी, कॉफी काहीतरी घ्यायला सांगा. भुतामुळं नव्हे, गिऱ्हाईक नसल्यामुळं हे जुने पब बंद पडतात. आणि फुटपाथ अडवून मोठ्यानं बोलताना वरच्या खिडकीत कुणीतरी राहतं हे लक्षात असू द्या. शिवाय बारमागच्या माणसांशी बोला. तळघरात रोज एकट्यानं पिंपं बदलणारी मुलं जे सांगतात ते कुठल्याही छापील गोष्टीपेक्षा चांगलं असतं, आणि त्याला ‘म्हणे’ ती स्वतःच लावतात.

डॉमिनियनच्या कोपऱ्यासाठी मी एक कागद तयार केलाय. त्यावर आठ नावं आहेत, वयासकट. एलेनर कूपर १४, मेरी मल्वी ३०, तिचा मुलगा थॉमस मरी ३, हॅना बॅमफील्ड ४, सेरा बेट्स ३, अ‍ॅन सॅव्हिल ६०, एलिझाबेथ स्मिथ २७, कॅथरिन बटलर ६३. वाचायला अर्धा मिनिट लागतो, मी घड्याळ लावून पाहिलं. तुमची पुढची फेरी १७ ऑक्टोबरला ठेवता आली तर संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे पिंप फुटलं त्या वेळेला, तिथं उभं राहून तो वाचता येईल. आम्ही दोघींनी पुन्हा नाव दिलंय. कागद भाची वाचायला तयार आहे. एलेनरचं नाव आधी घेणार असं तिनं मला सांगून ठेवलंय.

तुमची,
पहिल्या फेरीतली एक जण